बिनकाठाचं चाक

माझी वहिनी या चैत्रात गेली. तेराव्याला आलेल्या शेजारणींपैकी एक माझ्या पाठीमागे, मला नेमकं ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "ननद-भौजाई की कभी बनी नहीं, पर देखो, सारा काम वही कर रही है." बनली नाही हे खरंच आहे. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत हे दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. तिच्या दारात तो माझं नाव घेत नसे आणि माझ्या दारात तिचं. मी जिभेची तिखट, ती मनाची हट्टी. शिवाय दादा एक आणि आम्ही दोघी.

सगळं उरकून मंदार, म्हणजे माझा भाचा, बंगळूरला परत निघाला तेव्हा त्याने दादाने घरी घडवलेलं ते इंजिन माझ्याकडे आणून ठेवलं. "आत्या, तूच ठेव. मी एवढं धूड विमानातून कुठे नेऊ?" म्हणाला. दोघांनी उचलावं लागतं इतकं ते जड आहे. आता ते माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलंय आणि मी उरलेल्या कोपऱ्यात ताट ठेवून जेवते. येणारा-जाणारा विचारतो, एवढं खरं वाफेवर चालणारं इंजिन, मग त्याचे गोल रूळ माळ्यावर का टाकले? आजवर मी कुणाला धड उत्तर दिलं नाही. आता द्यायला हरकत नाही. जिच्यापासून लपवायचं होतं ती गेली.

दादा म्हणजे यज्ञेश्वर टोकेकर. आमचे वडील रेल्वेत फिटर. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. दादाला लहानपणापासून इंजिनाशिवाय दुसरं काही सुचत नसे. शाळेतून घरी यायचा रस्ता सरळ होता, पण हा स्टेशनावरून वळसा घालून यायचा आणि आई दारात उभी राहून ओरडायची. त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, आणि डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक त्याच्यासमोर धरलं. त्या ठिपक्यांत आकडे दडलेले असतात. दादाला एकाही पानावर आकडा दिसेना. त्याला लाल आणि हिरवा वेगळा कळत नव्हता, आणि इतकी वर्षं आमच्या घरात हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. सिग्नल न ओळखणारा ड्रायव्हर कोण घेईल? वडिलांनी त्या दिवशी जेवताना एवढंच म्हटलं, "नशीब." दादा काही बोलला नाही. तो जन्मभर फारसं काही बोललाच नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

मग तो कापडाच्या मिलमध्ये खरादीवर लागला. खराद म्हणजे लेथ. लोखंडाचा तुकडा गरगर फिरत ठेवायचा आणि हत्यार लावून हवा तसा सोलून काढायचा. ते काम त्याच्या हाताला मानवलं. लग्न झालं, मंदार झाला, आणि मंदार शाळेत असतानाच मिल बंद पडली. त्या मिलच्या भोंग्यावर आमच्या आईचा कुकर चढायचा. भोंगा थांबला तेव्हा गल्लीतली किती घरं एकदम म्हातारी झाली ते मी पाहिलंय. दादा पाण्याच्या पंपांचे पुर्जे करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात जाऊ लागला. मिलमधली एक जुनी खराद भंगारात निघाली होती, ती त्याने घरी आणून मागच्या पडवीत बसवली. संध्याकाळी जेवण झालं की तो आणि ती खराद. वहिनीला ती सवत वाटायची. मी चिडवायचे, "सवत असती तर वहिनी, तुम्ही तिला भाजी तरी निवडायला बसवलं असतंत." वहिनी हसत नसे. तिचं नाव विनोदिनी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि ती मला जुन्या रीतीने "वन्सं" म्हणून अशी हाक मारायची की त्या एका शब्दात माझे सगळे दुर्गुण यावेत.

पण दादाचे रंग तिच्याकडे होते, हे मला मान्य करावं लागेल. टमाटा पिकला की नाही, मंदारच्या गुडघ्याला लागलंय ते रक्त की चिखल, हे ती सांगायची. पडवीतल्या रंगांच्या डब्यांवर कागद चिकटवून ठळक अक्षरात लिहून ठेवायची, काळा, लाल, हिरवा. स्कूटरवर मागे बसून चारचौघांत बोलायची, "अहो, चला, हिरवा झाला." मला वाटायचं, काय बाई ही, माझ्या भावाला रस्त्यावरसुद्धा हुकूम सोडते. तो हुकूम नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

टोकेकरांकडे दहा दिवसांचा गणपती. दादा दरवर्षी मखराभोवती गोल रूळ मांडायचा आणि त्यावर स्वतः केलेलं चार चाकांचं छोटं इंजिन सोडायचा. बॅटरीबिटरी काही नाही, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून निघालेल्या वाफेवर चालायचं. आरती सुरू झाली की गाडी सुरू. गल्लीतली पोरं आणि त्यांच्या आया "टोकेकरजी की रेल" बघायला यायच्या, प्रसाद हातात घेऊन तिथेच बसायच्या. दादाचा जीव मात्र त्या छोट्या इंजिनात नव्हता. वडिलांच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या इंग्रजी पुस्तकात त्याने कधीकाळी एक चित्र पाहिलं होतं. मालगाडीचं इंजिन, पुढे लहान दोन चाकं, मग मोठी दहा, मागे पुन्हा लहान दोन. परदेशात डोंगरातून कोळसा ओढायला अशी इंजिनं होती म्हणे. आमच्या बाजूच्या मालगाड्यांना मोठी चाकं आठच. "दहा, अनु! एका बाजूला पाच, आणि पाची एका दांड्याने बांधलेली," तो मला म्हणायचा, आणि हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. ते इंजिन त्याने करायला घेतलं आणि वीसेक वर्षं करत राहिला.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. एका रविवारी मी त्याला विचारलं की इतकं लांब आणि ताठ धूड तुझ्या त्या गोल रुळावर वळणार कसं? तो उठला, स्वयंपाकघरातून परात घेऊन आला आणि माझ्या पर्समधली फूटपट्टी मागितली.

"पट्टी परातीत उभी धर आणि काठाला आतून टेकव," म्हणाला. टेकवली. पट्टीची दोन टोकं काठाला टेकली आणि मधे फट राहिली.

"जीवा आणि कंस," मी म्हटलं.

"बस्स, हेच. आता बघ, रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने काठ असतो, या परातीला आहे तसा. तो चाकाला रुळावरून उतरू देत नाही. पण एका बाजूच्या पाच चाकांची ओळ या पट्टीसारखी. वळणावर पटरी वाकते, ओळ वाकत नाही. सगळ्या चाकांना काठ ठेवलास तर मधलं चाक पटरीवर चढतं आणि इंजिन खाली. म्हणून मधल्या जोडीला काठच द्यायचा नाही. सपाट ठेवायची. ती वजन पेलते, गाडी ओढते, सगळं करते, फक्त वळण आलं की जरा बाजूला सरकते."

त्याने मला ती जोडी दाखवली. एका आसावर दोन सपाट, गुळगुळीत चाकं. शेजारच्या काठवाल्या चाकांपुढे ती अर्धवट राहिल्यासारखी दिसत होती. "आणि हे वहिनीला सांगितलंस?" मी विचारलं.

"तिने कधी विचारलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

"तिला खरादीचा आवाज सोसत नाही गं," तो म्हणाला आणि परात परत ठेवून आला. विषय संपला. खोटं कशाला बोलू, आपल्याला सांगितलं आणि तिला नाही, याचं मला बरंच वाटलं.

मग त्याची छाती गेली. मिलमधला कापूस, पडवीतला धूर, त्यावर जन्मभराच्या बिड्या. आधी जिना चढताना दम लागायचा, पुढे जेवताना लागायला लागला. औषधांनी हात थरथरायचे. इंजिन तोवर जवळजवळ झालं होतं. एका श्रावणात त्याने मधली जोडी आस घासायला म्हणून बाहेर काढली, भैरवगढच्या एका जुन्या छापील चादरीत गुंडाळून फळीवर ठेवली, आणि दोन दिवसांनी पडवीतच कोसळला. दवाखान्यात नाकाला नळी लावून तो पडून होता. डॉक्टरांनी मंदारला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मंदारच्या चेहऱ्यावरून दादाला न सांगता समजलं. मी त्याच्या उशाशी होते आणि वहिनी थर्मासमधून पाणी ओतत होती.

"एवढा गणपती घरी करू दे," दादा म्हणाला. "त्या इंजिनाची एक चक्कर बघायची आहे. मखराभोवती एक. मग काय व्हायचं ते होवो." उभ्या आयुष्यात त्याने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट. वहिनी ओतत राहिली आणि पाणी पेल्याबाहेर गेलं.

दुपारी मी दवाखान्यात बसायचे आणि वहिनी घरी जाऊन डबा करून आणायची. त्या दिवसांत तिने जे केलं ते तिने स्वतःच आम्हाला सांगितलं, दादाला घरी आणलं त्या दिवशी, चतुर्थीच्या थोडं आधी. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघर करत होतं. दादा जरा टेकतो न टेकतो तोच ती म्हणाली, "चला, पडवीत चला. काही तरी दाखवायचं आहे." मी आणि मंदारने त्याला धरून नेलं. तिने इंजिनावरची चादर काढली.

दहा मोठी चाकं पाच-पाचच्या दोन ओळींत उभी होती, आणि दहाच्या दहा चाकांना काठ होता. मधल्या दोन्हींनासुद्धा. सगळे काठ लालभडक रंगवलेले.

दादाने मंदारचा हात सोडला, स्टूलावर बसला आणि मधल्या चाकाच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं. पूर्ण गोल.

"कुठे केलंस?" त्याने विचारलं.

आणि वहिनी बोलायला लागली. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. फळी झाडताना तिला ती जोडी सापडली होती. बाकीच्या चारी जोड्यांना काठ, हिलाच नाही. तिला वाटलं, हात थरथरायला लागले म्हणून ह्यांच्याने हे तेवढं राहून गेलं, आणि सांगवत नाही म्हणून गुंडाळून ठेवलं. कुणाला न विचारता तिने पुरीला मळतात तशी घट्ट कणीक मळली, वरून तेलाचा हात फिरवला, शेजारच्या चाकाच्या काठावर गोळा दाबून त्याचा ठसा घेतला, डब्यात ठेवला, आणि ती जोडी पिशवीत घालून ई-रिक्शाने देवास गेटला एका खरादवाल्याकडे गेली. "तो मेला हसायलाच लागला. म्हणे, अम्माजी, रोटी बनवानी है या पहिया? मी म्हटलं, पहिया. और बिलकुल इसके जैसा, बाल का फरक नहीं चलेगा." त्याने लोखंडाचं कडं तापवून दोन्ही चाकांवर चढवलं आणि ठशाबरहुकूम घासून दिलं. रंग तिने घरी दिला. मंदार शनिवारी आला होता तेव्हा तिने त्याच्याकडून जोडी जागेवर बसवून घेतली. "आता काही कमी नाही. आता फिरवा तुमची चक्कर," ती म्हणाली, आणि हसली. "लाल आहे बरं का. बाकीच्यांसारखाच लाल."

"दिसतोय," दादा म्हणाला.

त्याला तो लाल दिसणं शक्य नव्हतं. माझ्याने राहवेना. "वहिनी, अहो हे तुम्ही काय..." इथवर मी आले आणि दादा म्हणाला, "अनु, पाणी आण." असा आवाज त्याने माझ्यावर कधी चढवला नव्हता. मी पाणी आणायला गेले.

वहिनी संध्याकाळी देवळात गेली तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले. मला रडू यायच्या ऐवजी राग येतो, ही माझी जन्माची खोड. "दादा, अकलेचा कांदा आहे ही बाई! एकदा विचारायचं तरी. त्या खरादवाल्याकडे पाठव, घटकाभरात ते कडं उतरवून देईल. तिला कळणारसुद्धा नाही."

"ती रोज पुसते ते चाक. कळेल."

"मग सांगून टाक. कुणाचा खून नाही झाला. चूक झाली, दुरुस्त करू."

त्याने नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या इंजिनाला हात लावला, अनु. ते काय आता खरवडून काढू?"

"आणि तुझी चक्कर?"

भिंतीशी गोल रुळांचे तुकडे उभे करून ठेवले होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलं. "राहिली," म्हणाला. भाजीत मीठ राहिलं म्हणावं तसं. मग माझा हात धरला. त्याच्या बोटांना खरादीच्या तेलाचा वास होता, दवाखान्यात इतके दिवस काढूनही. "माझी शपथ आहे तुला. मी गेल्यावरसुद्धा तिला नाही सांगायचं. तुझी जीभ मला ठाऊक आहे म्हणून शपथ घालतो." मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

त्या वर्षी मखरापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत त्याने सरळ रूळ टाकायला लावले. मंदारला सांगितलं की गोल रूळ पिचलेत, आता ते वजन पेलणार नाहीत. चतुर्थीला गल्ली जमली. एका पोराने विचारलंच, "अंकल, इस बार गोल नहीं घूमेगी?" दादा म्हणाला, "बूढ़ी हो गई बेटा, चक्कर आते हैं इसको." सगळे खदखदून हसले. मी देवापुढची निरांजनं सारखी करत राहिले, कारण मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. वाफ धरली, दादाने दांडी ओढली आणि ते धूड हललं. पाच चाकांवरचा तो लांब दांडा खाली-वर, खाली-वर. वहिनी उंबऱ्यात बसली होती, हात मोदकाच्या उकडीने भरलेले. इंजिन थेट तिच्यापर्यंत गेलं आणि तिने पदराने हात झाकून ते थांबवलं.

"अहो, कशी ठुमकत आली बघा!" ती म्हणाली. दादा हसला आणि हसता हसता खोकत सुटला, मशीनची नळी परत लावावी लागली. रोज आरतीनंतर तो ते इंजिन तिच्याकडे पाठवायचा. रोज ती उंबऱ्यात बसून थांबवायची. लग्न होऊन आलेल्या नव्या जोडप्याने खेळावं तसं चाललं होतं दोघांचं, आणि मला ते बघवत नव्हतं, आणि मी रोज बघायला जात होते.

गौरींच्या दुपारी वहिनी हळदीकुंकवाला गेली होती. दादाने मला भिंतीशी उभे केलेले गोल रूळ आणायला सांगितले. मी दोन तुकडे जमिनीवर जोडले. आम्ही दोघांनी धापा टाकत इंजिन त्यावर ठेवलं आणि त्याने ते हाताने, हळूच, वळणावर ढकललं. थोडं गेलं. मग मधलं चाक कण्हल्यासारखं वाजलं, त्याचा काठ रुळावर चढला आणि इंजिन एका बाजूला कललं. मी दोन्ही हातांनी धरलं म्हणून पडलं नाही.

"बरोबर," दादा म्हणाला. "असंच व्हायला पाहिजे." आपलं गणित चुकलेलं नाही एवढीच त्याला खात्री करून घ्यायची होती. इतका विझलेला चेहरा मी त्याचा ठिपक्यांच्या पुस्तकाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. मग तो वाकून ते चाक चाचपू लागला. "रंग उडाला का गं? बघ ना. मला कळत नाही." उडाला होता, नखाएवढा. मी पडवीतून वहिनीच्या अक्षरात 'लाल' लिहिलेला डबा आणला आणि काडीने तेवढ्या जागी रंग लावला. ती यायच्या आत रूळ भिंतीशी आणि इंजिन जागेवर.

नवरात्र उठलं आणि दादा गेला. शेवटी शेवटी बोलणं नव्हतंच, तसं ते आधी तरी कुठे होतं?

पुढच्या वर्षी श्रावणात आपल्या मराठी मंडळातले दोघे जण वहिनीकडे आले. माणसं भली होती. मंडळाच्या गणपतीत टोकेकरांच्या आठवणीसाठी त्यांचं इंजिन ठेवायचं, त्यांचेच पिचलेले गोल रूळ दुरुस्त करून त्यांवर सगळ्यांसमोर फिरवायचं, अशी त्यांची कल्पना. योगायोगाने मी तिथे होते. वहिनीचा चेहरा असा फुलला की वर्षभरात मी तो तसा पाहिला नव्हता. "ह्यांची एक चक्कर राहिली होती हो," ती म्हणाली. "मीच सोडेन. मला येतं आता, त्यांनी शिकवलंय. मंदारला पण बोलावते."

मला डोळ्यासमोर दिसलं. भरलेला हॉल, मोबाईल वर धरलेले लोक, वहिनी दांडी ओढतेय, आणि पहिल्याच वळणावर ते इंजिन सगळ्यांच्या पायाशी आडवं. मंडळात निम्मे लोक रेल्वेतून निवृत्त झालेले. वाकून बघतील आणि कुणीतरी सहज सांगेल, अहो काकू, मधल्या चाकाला काठ कुणी लावला?

"नाही," मी म्हटलं. "इंजिन कुठे जाणार नाही."

वहिनी वळली. "तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

"मी बहीण आहे. माझ्या भावाच्या वस्तूचा मी तमाशा होऊ देणार नाही. गोल रूळ तर मी आजच घरी नेते, म्हणजे प्रश्नच मिटला." ती दोन माणसं एकमेकांकडे बघत चहा न घेताच उठली. मी उठले आणि भिंतीशी ठेवलेले रुळांचे तुकडे गोळा करायला लागले.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला सब मालूम आहे, वन्सं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं इंजिनाचं सगळं ते तुम्हालाच सांगायचे. मला एक शब्द नाही. मी बाहेरूनच आवाज ऐकत राहिले. आणि शेवटचं चाक पुरं केलं मी. माझ्या हाताने झालं ते. तेच तुम्हाला सलतं ना?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. आख्ख्या जन्मात या बाईला दिलेलं एकही उत्तर इतकं तयार, इतकं खरं नव्हतं. एका वाक्यात ती गप्प झाली असती, आणि मला वाटतं, कायमची गप्प झाली असती.

"हो," मी म्हटलं. "सलतं."

ती बाजूला झाली. मी रूळ बगलेत मारले आणि घरी आले.